स्पेनचा घटनासंग्राम आणि आपला गोवा

रत्नागिरीहून दक्षिणेस निघावे, वेंगुर्ले मागे टाकावे, आणि रेडीच्या पुढे तेरेखोलच्या खाडीपर्यंत जावे. खाडीच्या मुखाशी, उत्तर तीरावर, एक लहानसा किल्ला उभा आहे. तीर आपल्या बाजूचा, पण किल्ला गोव्याचा. सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांनी तो १७४६ साली घेतला, तेव्हापासून हा तुकडा गोव्याकडे गेला तो गेलाच. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत आपल्या रत्नागिरी जिल्ह्याची हद्द ह्या किल्ल्याला येऊन भिडत होती. आज तेथे जाणारा प्रवासी समुद्र पाहतो, वाळू पाहतो आणि परततो. १८३५ साली ह्याच किल्ल्यातील शिबंदी एका पदच्युत कारभाऱ्याच्या बाजूने उभी राहिली आणि पणजीच्या बंडखोर लष्कराने तिची कत्तल केली, हे त्यास क्वचितच ठाऊक असते.

ही माणसे कशासाठी मेली? वतनासाठी नव्हे, धर्मासाठीही नव्हे. ज्या भांडणात ती सापडली ते भांडण युरोपच्या पश्चिम टोकाला सुरू झालेले होते. राजा मोठा की राज्याचा कायदा मोठा, असा तो वाद होता. स्पेनमध्ये तो पेटला, शेजारच्या पोर्तुगालात पसरला आणि जहाजांतून गोव्याच्या मांडवीपर्यंत आला. स्पेनच्या इतिहासाशी आम्हा कोकणातल्या लोकांना काय कर्तव्य, असे कोणी विचारील तर त्याचे उत्तर तेरेखोलच्या तटात आहे. म्हणून प्रथम आपण स्पेनकडे जाऊ आणि मग पुन्हा आपल्या किनाऱ्याला लागू.

अनियंत्रित राजसत्ता म्हणजे काय, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. राजा दुष्ट असला म्हणजेच त्याची सत्ता अनियंत्रित होते असे नाही. प्रजेवर पुत्रवत् प्रेम करणारा राजाही अनियंत्रित असू शकतो. त्याला जाब विचारण्याची कोणतीही कायदेशीर सोय नसणे, हे त्या सत्तेचे खरे लक्षण होय. कायदा तोच करतो, अंमल तोच करतो, न्यायही त्याच्याच नावाने होतो, आणि आपण हे सारे ईश्वराला जबाबदार राहून करतो असे तो सांगतो. उलट पक्षाचे म्हणणे असे की, सत्तेचा उगम राष्ट्रात आहे. राजा हा राष्ट्राने ठरविलेल्या नियमांत राहून काम करणारा अधिकारी आहे. ते नियम लिहून ठेवले पाहिजेत, लोकांच्या प्रतिनिधींनी ते केले पाहिजेत, आणि त्यांवर उघडपणे बोलण्याची व छापण्याची मोकळीक असली पाहिजे. ह्या मतास आपण उदारमत म्हणतो. राजकीय पक्षाला ‘उदार’ हे नाव प्रथम स्पेनमध्येच पडले. काडिझ शहरात भरलेल्या सभेत घटनेच्या बाजूचे ते ‘उदार’ आणि राजाच्या अनियंत्रित सत्तेचे पाठीराखे ते ‘दास’, अशी नावे रूढ झाली, आणि तेथून तो शब्द इंग्लंड-फ्रान्सात गेला.

ही सभा ज्या परिस्थितीत भरली ती मोठी विलक्षण होती. १८०८ साली नेपोलियनने स्पेनच्या राजघराण्याला फ्रान्समध्ये बोलावून नेऊन गादी सोडावयास लावली आणि आपल्या भावाला माद्रिदच्या तख्तावर बसविले. लोक उठले. राजा कैदेत, राजधानी परक्यांच्या हाती, फौज विखुरलेली, अशा स्थितीत दक्षिणेकडील एका बंदरात राष्ट्राचे प्रतिनिधी जमले. ह्या सभेला कोर्तेस म्हणत. ती २४ सप्टेंबर १८१० रोजी काडिझजवळच्या लेओन बेटावर सुरू झाली आणि पुढे काडिझ शहरात गेली. आपला रत्नदुर्ग जसा तीन बाजूंनी समुद्राने वेढलेला आहे तसेच हे शहर जमिनीच्या अरुंद पट्टीच्या टोकाला पाण्यात पुढे गेलेले आहे. फ्रेंचांचा वेढा अडीच वर्षे पडला होता. तोफांचे आवाज ऐकत ह्या मंडळींनी ३८४ कलमांची राज्यघटना तयार केली आणि ती १९ मार्च १८१२ रोजी जाहीर केली.

सार्वभौमत्व मूलतः राष्ट्राच्या ठायी आहे, हे तिचे तिसरे कलम. कायदे करणारी एकच लोकनियुक्त सभा, राजाच्या नकाराधिकारावर मर्यादा, छापण्याचे स्वातंत्र्य, ह्या गोष्टी तिने मान्य केल्या. पुढच्याच वर्षी त्याच सभेने इन्क्विझिशन, म्हणजे धर्मसमीक्षण संस्था, रद्द केली. गोव्यात ही संस्था १५६० पासून होती. मध्यंतरी चार वर्षे बंद राहून ती पुन्हा सुरू झाली आणि १८१२ साली कायमची गेली. ह्या संस्थेचे भय काय होते हे कोकणपट्टीत घरदार व देव घेऊन आलेल्या कुटुंबांच्या परंपरागत कथांतून आपणांस माहीत आहे.

तथापि ह्या घटनेची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. कॅथॉलिक धर्म हाच राष्ट्राचा एकमेव धर्म राहील, असे तिच्या बाराव्या कलमात होते. दोन्ही गोलार्धांतील स्पॅनिश लोक मिळून एक राष्ट्र, असे पहिल्या कलमाने सांगितले खरे. पण आफ्रिकी वंशाच्या लोकांना नागरिकत्वाचा हक्क सहजी मिळणार नव्हता, आणि गुलामगिरी तशीच राहिली. म्हणजे ‘राष्ट्र’ हा शब्द मोठा आणि त्याच्या आत येणाऱ्यांची यादी लहान. ही गोष्ट पुढे गोव्याच्या संदर्भात आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

नेपोलियनचा पाडाव होऊ लागला आणि १८१४ साली राजा सातवा फर्डिनांड कैदेतून परत आला. ज्या लोकांनी त्याच्या नावाने सहा वर्षे रक्त सांडले त्यांचेच प्रतिनिधी त्याच्यापुढे घटना घेऊन उभे होते. ४ मे १८१४ रोजी त्याने व्हॅलेन्सिया येथे फर्मान काढून ती घटना आणि तिच्याखाली झालेले सर्व कायदे रद्द केले. उदारमतवादी पुढारी पकडले गेले, कित्येक परागंदा झाले, आणि इन्क्विझिशन पुन्हा सुरू झाले.

आश्चर्य ह्याचे वाटते की, सामान्य जनता त्या वेळी राजाच्याच बाजूला होती. ‘आमच्या बेड्या चिरायू होवोत’ असा घोष त्या काळी झाल्याचे सांगतात. लोक मूर्ख होते म्हणून हे घडले, असे म्हणणे सोपे आहे. परंतु ते खरे नव्हे. घटना लिहिणारे लोक वकील, पाद्री, अधिकारी, व्यापारी असे शहरातले होते. खेड्यातल्या कुळाला राजा ठाऊक होता, गावचा पाद्री ठाऊक होता. घटना त्याने पाहिलेली नव्हती. तिने आपला खंड कमी झाला, आपल्याला जमीन मिळाली, असा अनुभव त्याला आला नव्हता. जी वस्तू हाती आलीच नाही ती कोणी हिरावून घेतली तर माणूस का रडेल?

पुढे सहा वर्षांनी पारडे फिरले. १ जानेवारी १८२० रोजी, अमेरिकेतील वसाहतींवर पाठविण्यासाठी जमविलेल्या फौजेतील रिएगो नावाच्या अधिकाऱ्याने बंडाचे निशाण उभारून १८१२ ची घटना पुकारली. मार्चमध्ये राजाला नाइलाजाने त्या घटनेची शपथ घ्यावी लागली. तीन वर्षे घटनात्मक राज्य चालले. मग १८२३ साली युरोपातील राजेलोकांच्या संमतीने फ्रान्सच्या राजाने सुमारे लाखभर सैन्य स्पेनमध्ये घातले आणि फर्डिनांडला पुन्हा अनियंत्रित केले. नेपोलियनच्या फौजेशी गावोगाव झुंजलेले शेतकरी ह्या फ्रेंच फौजेपुढे स्वस्थ राहिले. ७ नोव्हेंबर १८२३ रोजी रिएगोला माद्रिदमध्ये जाहीरपणे फाशी देण्यात आले. घटना सैन्याने आणली आणि सैन्यानेच घालविली. ह्या दोन वाक्यांत स्पेनच्या एकोणिसाव्या शतकाचे पुष्कळसे दुखणे आले.

परंतु ह्या तीन वर्षांत ती ठिणगी दूरवर उडाली. नेपल्सने हीच घटना उचलली. कलकत्त्यास राजा राममोहन रॉय ह्या बातम्यांकडे डोळे लावून होते. काडिझच्या घटनेची एक आवृत्ती त्यांच्या उदारमताचा गौरव करून त्यांना अर्पण केलेली आहे. आणि १८२१ साली ऑस्ट्रियाच्या फौजेने नेपल्सचे घटनात्मक राज्य मोडल्याचे कळले तेव्हा, मन उद्विग्न झाल्यामुळे, त्यांनी बकिंगहॅम ह्या संपादकमित्राची ठरलेली भेट रद्द केली. येथे आपल्याकडे पेशवाई जाऊन अवघी तीन वर्षे झाली होती. रत्नागिरी नुकतीच इंग्रजी अमलाखाली आली होती. अशा वेळी एक हिंदी गृहस्थ इटलीतल्या घटनेसाठी दुःखी होतो, ही गोष्ट मनन करण्यासारखी आहे.

सर्वांत जवळचा वणवा पेटला तो पोर्तुगालात. तेथील राजा सहावा जुआंव नेपोलियनच्या भीतीने १८०७ च्या अखेरीस दरबारासह ब्राझीलला निघून गेला होता आणि संकट टळल्यावरही परतला नव्हता. २४ ऑगस्ट १८२० रोजी पोर्तो शहरात उठाव झाला. स्पेनचे उदाहरण समोर होतेच. लिस्बनला कोर्तेस भरली, राजाला परत यावे लागले, आणि १८२२ च्या सप्टेंबरात पोर्तुगालची पहिली राज्यघटना मंजूर झाली. दर्यापारच्या सर्व मुलखांतील लोक हेही पोर्तुगीज राष्ट्राचेच घटक, असे तत्त्व तिने घातले.

ही वार्ता गोव्यात पोचली तेव्हा तेथे काउंट रिओ पार्दो हा व्हाइसरॉय होता. १६ सप्टेंबर १८२१ रोजी त्याला अधिकारावरून दूर करण्यात आले आणि एका तात्पुरत्या मंडळाने कारभार हाती घेतला. तीन महिन्यांच्या आत ते मंडळही उलथून दुसरे आले. ह्या धामधुमीत दोन गोष्टी मात्र टिकाऊ महत्त्वाच्या झाल्या. पहिली छापखान्याची. हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यातच निघाला होता. पण १७५४ साली राजाज्ञेने तेथे छपाईला बंदी झाली होती. आता मुंबईहून छापखाना आणविण्यात आला, आणि २२ डिसेंबर १८२१ रोजी ‘गाझेत द गोवा’ हे पत्र सुरू झाले. बाळशास्त्री जांभेकर हे आपल्याच कोकणातले, देवगडजवळच्या पोंभुर्ल्याचे. त्यांचे ‘दर्पण’ निघाले १८३२ साली. म्हणजे हे पत्र त्याच्या दहा वर्षे आधीचे.

दुसरी गोष्ट निवडणुकीची. १८२२ च्या जानेवारीत गोव्याने लिस्बनच्या सभेसाठी तीन प्रतिनिधी निवडले. लीमा लैतांव हे त्यांपैकी एक पोर्तुगीज वैद्य. दुसरे दोघे, कोंस्तांसियो रोके द कोस्ता आणि बेर्नार्दो पेरेस द सिल्व्हा, हे गोव्याच्याच मातीतले. ह्यांतील पेरेस द सिल्व्हा ह्या नावाशी आपली कथा बांधलेली आहे.

पेरेस द सिल्व्हा १७७५ साली तिसवाडीतील नेवरे गावी जन्मले. व्यवसायाने ते वैद्य होते. ते बारा वर्षांचे असताना, १७८७ साली, गोव्यात पिंटोंचे बंड म्हणून प्रसिद्ध असलेला कट उघडकीस आला. गोव्याच्या ख्रिस्ती पाद्र्यांना आणि अधिकाऱ्यांना वरच्या जागा मिळत नाहीत, ह्या असंतोषातून तो निघाला होता. पंधरा जणांना देहान्त शासन झाले. गंमत अशी की, गोव्यातील ख्रिस्ती प्रजेला पोर्तुगालातील प्रजेइतकेच हक्क आहेत, असा राजाचा हुकूम १७६१ सालीच निघालेला होता. हुकूम कागदावर होता आणि जागा गोऱ्यांकडे होत्या. तो हुकूम अंमलात आणणारे अधिकारीच त्यामुळे खाली सरकणार होते. मग तो अंमलात कोण आणणार?

पोर्तुगालचा इतिहासही स्पेनसारखाच झोके घेत राहिला. १८२३ साली पहिली घटना गेली. १८२६ मध्ये राजा वारला, आणि ब्राझीलचा सम्राट झालेल्या त्याच्या मुलाने, पेद्रोने, एक मवाळ सनद देऊन आपल्या लहान मुलीला, मारियाला, पोर्तुगालच्या गादीवर बसविले. १८२८ साली तिचा चुलता मिगेल ह्याने सनद गुंडाळून गादी बळकावली. त्याच साली येथे आपल्या रत्नागिरीत नगर वाचनालयाची स्थापना होत होती. पुढे स्पेनमध्येही हुबेहूब तसाच प्रसंग आला. १८३३ साली फर्डिनांड वारला, त्याची मुलगी इसाबेल तीन वर्षांचीही नव्हती, आणि तिच्या चुलत्याने, कार्लोसने, गादीवर हक्क सांगून सात वर्षांचे यादवी युद्ध सुरू केले. वरवर पाहता हे भाऊबंदकीचे तंटे दिसतात. आपल्या सरदारघराण्यांतून असे तंटे आपण पुष्कळ पाहिले आहेत. पण येथे प्रत्येक चुलत्याच्या मागे अनियंत्रित सत्तेचा पक्ष उभा होता, आणि अल्पवयी राणीच्या माणसांना आधारासाठी उदारमतवाद्यांकडे हात पसरावा लागला. घटना हवी म्हणून राजमातेने त्यांना जवळ केले नाही. गादी राखावयाची होती म्हणून केले.

ह्या काळात पेरेस द सिल्व्हा ह्यांना परागंदा व्हावे लागले. इंग्लंड आणि ब्राझील येथे त्यांनी दिवस काढले. १८३२ साली रिओ द जानेरो येथे त्यांनी राज्यघटना म्हणजे काय हे प्रश्नोत्तररूपाने समजावून देणारे एक पुस्तक प्रसिद्ध केले. गोव्यातील वैद्य ब्राझीलमध्ये बसून पोर्तुगालच्या घटनेचे शिक्षण देतो! राज्यच नव्हे तर निर्वासितांचा संसारही त्या काळी किती सागरांवर पसरलेला होता, हे ह्यावरून दिसते.

१८३४ च्या मे महिन्यात मिगेलचा पराभव होऊन तो देशाबाहेर गेला. उदारमतवाद्यांनी पेरेस द सिल्व्हा ह्यांना गोव्याचे प्रिफेक्ट, म्हणजे मुलकी प्रांताधिपती, नेमले. १४ जानेवारी १८३५ रोजी त्यांनी अधिकार घेतला. पोर्तुगीज अमलाच्या साडेचारशे वर्षांत गोव्याचा माणूस गोव्याच्या मुख्य अधिकारावर बसला तो हा एकदाच.

ते तीन आठवडेही टिकले नाहीत. १ फेब्रुवारी १८३५ रोजी लष्कराने बंड करून त्यांना पदच्युत केले आणि पूर्वीच्या पोर्तुगीज अधिपतीला, मानुएल द पुर्तुगाल इ काश्त्रु ह्याला, पुन्हा पुढे केले. पेरेस द सिल्व्हा मुंबईस गेले. मे महिन्याच्या आरंभी पणजीजवळ, आज ज्यास मिरामार म्हणतात त्या किनाऱ्यावरील गास्पार दियश किल्ल्यात, त्यांच्या पक्षाचे सैनिक बंडखोरांनी कापून काढले आणि किल्ला जाळला. तेरेखोलची कत्तलही ह्याच प्रकरणातली. मुंबईहून जहाजे घेऊन परत येण्याचा त्यांचा प्रयत्न त्याच महिन्यात वादळाने फसला. मे महिन्याच्या अखेरीस आपला समुद्र कसा उलटतो हे कोकणच्या माणसाला सांगावयास नको. पुढे सुमारे दोन वर्षे त्यांचा अंमल दमण-दीवपुरता उरला.

हे राज्य इतक्या लवकर का कोसळले, हा आमच्या मते ह्या साऱ्या कथेतला मुख्य प्रश्न आहे. त्याची तीन कारणे दिसतात.

पहिले कारण लष्कराचे. गोव्याच्या फौजेतील अधिकाराच्या जागा बहुतांशी गोव्यात स्थायिक झालेल्या पोर्तुगीज वंशजांच्या हाती होत्या. तेच त्यांचे उपजीविकेचे आणि मानाचे साधन. नव्या व्यवस्थेत मुलकी कारभार लष्करी हुकमतीपासून वेगळा होणार, आणि त्याच्या शिरोभागी एक ‘काळा’ वैद्य बसणार, हे त्यांना सोसण्यासारखे नव्हते. ह्यांतील पुष्कळ जण कालपर्यंत राणीचा आणि सनदेचा जयजयकार करीत होते. सनदेचा अर्थ आपल्या खुर्चीपर्यंत आला तेव्हा त्यांनी तलवार उपसली.

दुसरे कारण लिस्बनचे. तेथे आता उदारमतवाद्यांचेच राज्य होते. आपण नेमलेल्या अधिकाऱ्याला बंडखोरांनी हाकलले, आपल्या पक्षाचे लोक मारले, तर त्याला परत बसविणे हे त्यांचे कर्तव्य होते. त्यांनी ते केले नाही. १८३७ साली पोर्तुगालहून नवा गव्हर्नर जनरल पाठवून प्रकरण मिटविण्यात आले. पेरेस द सिल्व्हा पुन्हा प्रतिनिधी म्हणून लिस्बनला गेले आणि १८४४ साली तेथेच वारले. राजाने प्रजेला जाब दिला पाहिजे, हे तत्त्व ज्यांनी रक्त सांडून मिळविले, तेच लोक वसाहतीतल्या लष्कराला जाब विचारावयास तयार नव्हते.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे, आणि ते आपल्याच बाजूचे आहे. पेरेस द सिल्व्हा ह्यांच्या मागे गोव्यातले सुशिक्षित ख्रिस्ती लोक होते. वैद्य, वकील, पाद्री, जमीनदार होते. परंतु पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडे, काणकोण ह्या नव्या काबिजादीतील रयत, जी बहुतांशी हिंदू होती, तिचा ह्या घटनेशी संबंध काय होता? १८२२ ची घटना घ्या किंवा १८२६ ची सनद घ्या, दोहोंतही राज्याचा धर्म कॅथॉलिक होता. हिंदूंची देवळे सुरक्षित होती ती घटनेमुळे नव्हेत. तो मुलूख घेताना दिलेल्या जुन्या वचनांमुळे होती. जुन्या काबिजादीतल्या ख्रिस्ती कुळालाही पणजीत कोणाचा अंमल आहे ह्याने फारसा फरक पडत नव्हता. म्हणून १ फेब्रुवारीला पणजीत शिपाई निघाले तेव्हा त्यांच्या आड यावयास गावेच्या गावे उठली नाहीत. १८२३ साली स्पेनचा शेतकरी जसा स्वस्थ राहिला, तसाच आमचा गोव्याचा शेतकरीही राहिला. पुढे १८५२ साली सत्तरीत दीपाजी राणे उठले, तेव्हा त्यांच्यामागे रान आणि गाव दोन्ही गेले. पण ते लढले ते आपल्या जुन्या हक्कांसाठी. लिस्बनच्या घटनेने त्यांना काहीच दिलेले नव्हते.

ह्यावरून तो सारा उद्योग व्यर्थ गेला असे कोणी समजू नये. १८३४ साली पोर्तुगालने धार्मिक संघ बरखास्त केले आणि पुढील वर्षी गोव्यातील मठ रिकामे झाले. जुन्या गोव्यात ऑगस्टिनियन मठाचा मोडका मनोरा आपण पाहतो, त्याच्या पडझडीचा आरंभ तेथून आहे. १८५९ साली मडगावहून ‘ओ उल्त्रामार’ हे पहिले खाजगी वृत्तपत्र निघाले. फ्रान्सिश्कु लुईश गोमिश ह्यांच्यासारखा गोवेकर लिस्बनच्या सभेत वसाहतीची बाजू मांडू लागला. ज्या लष्कराने पेरेस द सिल्व्हांना काढले ते लष्कर पुढे स्वतःच बंड करून बसले आणि १८७१ साली सरकारला ते मोडावे लागले. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, धर्म आणि राज्य वेगळे झाले, आणि गोव्यातील हिंदूंना बरोबरीने नोकऱ्यांचे व सार्वजनिक जीवनाचे दार उघडले. पणजीत ही पहाट झाली ती काडिझनंतर शंभर वर्षांनी.

आणि ती लवकरच मावळली. २८ मे १९२६ रोजी पोर्तुगालात लष्करी उठाव झाला, त्यातून सालाझार वर आला, आणि अनियंत्रित सत्ता परत आली. ह्या खेपेस राजमुकुटाशिवाय. १९३० साली वसाहतींना गौण ठरविणारा कायदा करण्यात आला. त्याच वेळी, ४ जुलै १९३० रोजी, लुईश द मिनेझिश ब्रागांझ ह्यांनी गोव्याच्या कौन्सिलात स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला. स्पेनमध्येही १९३१ साली आलेले प्रजासत्ताक तीन वर्षांच्या यादवीनंतर १९३९ साली बुडाले आणि फ्रँकोची हुकूमशाही सुरू झाली. फर्डिनांडच्या काळचेच नाटक, फक्त पात्रांची वेशभूषा बदललेली.

गोव्याच्या बाबतीत फरक पडला तो लोकांमुळे. १८ जून १९४६ रोजी मडगावला डॉ. राममनोहर लोहिया बोलावयास उभे राहिले तेव्हा समोर केवळ वकील-वैद्य नव्हते. १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोवेकर सत्याग्रहींची एक तुकडी आपल्या हद्दीतून जाऊन तेरेखोलच्या किल्ल्यात शिरली आणि तिने तेथे तिरंगा लावला. एकशेएकोणीस वर्षांपूर्वी जेथे एका प्रिफेक्टासाठी शिबंदी मारली गेली, तेथेच हा प्रसंग घडला. सत्याग्रही पकडले गेले; पण ह्या वेळी त्यांच्या मागे गोव्यातील व गोव्याबाहेरील गावे उभी होती. १९५५ च्या सत्याग्रहात गोळ्या झेलावयास महाराष्ट्रातून आणि साऱ्या देशातून माणसे आली. १९ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला आणि तेथे प्रौढ मतदान आले. पोर्तुगालची हुकूमशाही त्यानंतरही बारा वर्षांहून अधिक काळ चालली, ती २५ एप्रिल १९७४ ला पडली. स्पेनमध्ये फ्रँको १९७५ साली वारला आणि १९७८ साली लोकांच्या कौलाने आजची राज्यघटना झाली. म्हणजे लिस्बन आणि माद्रिद ह्यांच्या आधी पणजीने मत दिले.

ह्या इतिहासातून आम्ही एकच गोष्ट घ्यावी असे वाटते. घटना चांगली लिहिणे हे अवघड काम आहे, परंतु तेवढ्याने ती टिकत नाही. तिच्यामुळे आपले काही राखले जाते, असा अनुभव ज्याला आला आहे तोच तिच्यासाठी उभा राहतो. काडिझच्या घटनाकारांनी स्पेनच्या कुळाला तो अनुभव दिला नाही, आणि लिस्बनच्या घटनाकारांनी सत्तरी-पेडण्याच्या रयतेला तो दिला नाही. आपली राज्यघटना २६ जानेवारी १९५० पासून अमलात आली. पहिल्याच दिवसापासून तिने शेतकऱ्याला, मजुराला, स्त्रीला, अस्पृश्य मानलेल्याला मत दिले. पुढे १९७५ साली आणीबाणी आली, वृत्तपत्रांवर नियंत्रण आले, पुढारी तुरुंगात गेले. १९७७ च्या मार्चमध्ये मतदान झाले तेव्हा ज्या माणसाला अडाणी म्हणून हिणवतात त्यानेच सत्ता पालटली, आणि त्यासाठी कोणाला तलवार उपसावी लागली नाही. त्याच्या हाती मत होते आणि ते हाती असण्याची त्याला पाव शतकाची सवय झाली होती.

तरीही निर्धास्त होण्याचे कारण नाही. हक्क एका गटाला पोचतो आणि दुसऱ्याला पोचत नाही, असे आपल्या गावात, आपल्या कचेरीत, आपल्या वाडीत जेथे जेथे घडते तेथे तेथे घटनेचा एक पहारेकरी कमी होतो. पुढेमागे ती मोडावयास कोणी आला तर तो माणूस दाराशी उभा राहून नुसता पाहील. त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही.

तेरेखोलला कधी जाणे झाले तर सूर्यास्त अवश्य पाहावा. पण क्षणभर तटाकडेही पाहावे. त्या तटातल्या लोकांना घटना हा शब्द नीट उच्चारता येत असेल वा नसेल. तिच्या माणसासाठी ते मेले, आणि त्यांच्या मदतीस कोणी आले नाही.